परातीतलं इंजिन

इंजिन परातीत पडलं, तेव्हा मी जिन्याकडं बघत होतो.

इंजिन वीतभर लांबीचं, परात आमच्याच स्वयंपाकघरातली आणि गाढवपणा संपूर्ण माझा. उजव्या हातात वेग वाढवायचं बटण होतं. समोर रूळ, रुळाच्या शेवटी गोल खड्डा आणि खड्ड्यात इंजिन फिरवायचं टेबल. आधी टेबल रुळाच्या रेषेत आणायचं आणि मग इंजिन सोडायचं, एवढंच काम. नेमकी तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. वाटलं, निमा आली. मान वळली, अंगठा बटणावर तसाच राहिला. आला तो भास्कर. मी मान परत फिरवेपर्यंत इंजिनापुढचा रूळ संपला होता आणि टेबल अजून आडवंच होतं.

पडलेली वस्तू वीतभर, पण आवाज गल्लीला पुरून उरेल असा.

"अहो, काय पडलं?" खालून निमानं विचारलं.

"काही न्हाई."

माझ्या संसारात मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य हेच असावं.

भास्कर दारातूनच खड्ड्यात डोकावला. हा माझा शाळेपासूनचा मित्र. मांजरसुंब्याला त्याचा धाबा आहे आणि माझ्या प्रत्येक फजितीला वेळेवर हजर राहायचं त्याला वरदान आहे. "लई भारी बे," तो म्हणाला. "बीडला रेल्वे यायला आपली हयात गेली. अन् तू ती वरच्या मजल्यावर आणून, पाडून दाखवली."

मी तुच्छतेनं बघायचा प्रयत्न केला. पण नाकावर पडलेल्या इंजिनाच्या मालकाला ती नजर जमत नाही.

एरवी मला ती चांगली जमते. सांगतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वर्गातल्या नकाशावर रेल्वेच्या काळ्या रेघा अख्ख्या महाराष्ट्रभर मुंग्यांच्या रांगेसारख्या धावायच्या आणि आमच्या जिल्ह्यापाशी आल्या की, परळीचा कोपरा सोडला तर, सुतकाचं घर टाळावं तशा बाजूनं निघून जायच्या. त्या कोऱ्या जागेवर छडी ठेवून मी पिढ्यान् पिढ्या सांगत आलो की, पोरांनो, इथं होणार आहे. आता झाली. कडा गावाकडून रूळ आले, बीडला स्टेशन उभं राहिलं, गाडी आली. गाडीवर इतके हार आणि फलकांवर इतके चेहरे की, नक्की कोण कुणाला ओढत आणतंय ते कळेना. मीही बघायला गेलो. पाहिलं तर गाडीला दोन्हीकडं तोंड! जायचं त्या टोकाला ड्रायव्हर बसतो, यायच्या वेळी उठून दुसऱ्या टोकाला जातो. संपलं. वळणं नाही, फिरणं नाही, धूर नाही. पाठ दाखवून जायची सोयच नसलेली ही गाडी पुढाऱ्यांना फार शोभते, असं मी त्या गर्दीत मोठ्यानं म्हणालो. कुणी ऐकलं नाही. सगळे फोन वर धरून स्वतःचंच तोंड टिपत होते.

माझ्या मते इंजिन म्हणजे ज्याला एकच तोंड असतं. म्हणूनच त्याला फिरवावं लागतं. खोल गोल खड्डा, त्यात मधल्या खुंटीवर तोललेला पुलाचा तुकडा, त्यावर रूळ. इंजिन त्या तुकड्यावर येऊन उभं राहतं आणि माणसं त्याला इंजिनासकट फिरवतात. खड्ड्याच्या एका बाजूनं पंख्यासारखी पसरलेली शेड असते, तिच्या प्रत्येक खणात एकेक इंजिन, आणि सगळ्यांची तोंडं त्या टेबलाकडं. लग्नात पंगत नवरदेवाकडं बघते तशी.

हे सगळं मला वरच्या खोलीत बसवायचं होतं. त्यासाठी मी मोबाइलवरच्या एका ग्रुपात शिरलो. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या थोर लोकांचा ग्रुप. त्यांच्या स्टेशनांच्या छपरांवर बर्फ असतो! इकडं मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलेला माणूस नाचत खाली येतो, आणि हे लोक कापूस चिकटवून बर्फ करतात. मी विचारलं, टेबल आणि शेड बसवायला किती जागा लागेल? एका पंडितानं कळवलं की, बारक्या घरातल्या लोकांनी या भानगडीत पडू नये. त्या दिवशी मी खोलीतला पलंग बाहेर काढला. पंडिताला खोटं पाडण्यासाठी मी आजवर जेवढं केलं आहे, तेवढं पोराबाळांसाठी केलेलं नाही.

खड्ड्याचं काम अवघड निघालं. प्लायला गोल भोक पाडता येतं, पण खड्ड्याला तळ लागतो, काठ लागतो, आणि तो काठ सगळीकडून सारखा लागतो. मी पत्रा वाकवून पाहिला, पुठ्ठा भिजवून पाहिला. एका दुपारी पाणी प्यायला खाली गेलो, तर ओट्यावर खड्डा पालथा घालून ठेवलेला. निमाची कणीक मळायची परात. भोकात अशी बसली की जशी तिच्याचसाठी पाडलं होतं. टेबल फिरवायला भास्करनं त्याच्या धाब्यावरच्या मेलेल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर दिली. शेड पुठ्ठ्याची, पाच खणांची. तिच्या छपराला समईची काजळी फासली. आत तीन इंजिनं उभी केली. दोन खेळण्यांच्या दुकानातली आणि एक मी साबणाच्या वडीतून कोरलेलं. ते पावसाळ्यात सुजतं.

भास्कर तेव्हाही बघायला आला होता. शेडकडं बघून म्हणाला, "एवढ्या इंजिनांला बाहेर यायला वाट एकच? ह्या टेबलावरूनच?"

"एकच."

"अन् टेबल बंद पडलं तर?"

"ते बंद पडत नसतं," मी म्हणालो. ज्याला काही कळत नाही त्याच्याशी मी असाच थोडक्यात बोलतो.

निमा मात्र वर आलीच नाही. परात गेल्यापासून ती ताटात कणीक मळायची. ताट लहान, पीठ ओट्यावर सांडायचं, आणि ती ते माझ्या देखत हळूच गोळा करायची. "वर येऊन बघ तरी," मी म्हणायचो. "बघितलंय मी खरं," ती म्हणायची, आणि भाजी चिरायला घ्यायची.

तिनं खरं बघितलं होतं, हीच तर सगळी गोम. निमा माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडं मामाची मुलगी करतात, तशी मी केली. मामा म्हणजे तिचे आप्पा. एका छोट्या लाइनीच्या जंक्शनला वाफेच्या इंजिनावर ते ड्रायव्हर होते. निमा तिथल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जन्मली, वाढली. मी नकाशातल्या कोऱ्या जागेतला. मे महिना लागला की आई मला एसटीत बसवायची आणि मी कोऱ्या जागेतून काळ्या रेघेवर जायचो.

त्या जंक्शनला उतरलं की आधी वास यायचा. ओल्या राखेचा, तापलेल्या तेलाचा, आणि त्यात कुठून तरी कांद्याचा. मामीचं वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत तिळाच्या पोळीसारखं व्हायचं. नळाचं पाणी कोमट यायचं आणि त्याला लोखंडाची चव असायची. मी बीडला परत आल्यावर आमच्या विहिरीचं गोड पाणी मला बरेच दिवस मिळमिळीत लागायचं. रेल्वेची पोरं मला तुच्छ लेखायची. निमा सगळ्यांत पुढं. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर खपली, आणि शिट्टी ऐकून इंजिन ओळखायची ऐट. "बीडचं पाव्हणं आलंय," ती सगळ्या चाळीला सांगायची, "त्याला इंजिन दाखवा. हळू दाखवा. मागच्या साली भ्यालतं." मी भ्यालो नव्हतो. डोळ्यांत कोळसा गेला होता.

मामांबद्दलची माझी आठवण विचारली तर मला त्यांची पाठ आठवते. झोपलेली. रात्री गाडी घेऊन जायचे, दिवसा येऊन झोपायचे, किंवा उलट. अंगणात त्यांचे काळे कपडे दोरीवर आणि घरात सगळ्यांचा आवाज घशात. मामी भांडी घासायची ती जणू चोरून आणलेली असावीत अशी. आम्ही पोरं खुणांनी भांडायचो. निमाला खुणांनी शिवी देता यायची, तीही अशी की मला घरी जाऊन सुद्धा तिचं उत्तर सुचायचं नाही. मग कधीतरी सायकलची घंटा वाजायची. ड्यूटीचा निरोप आणणारा माणूस दारात यायचा, मामा उठायचे, चूळ भरायचे, डबा घ्यायचे. जाताना निमाच्या डोक्यावर हात ठेवायचे की नाही, ते आठवत नाही. मी तेव्हा डब्यात काय दिलं ते बघत असायचो.

आणि ते टेबल. मामा शेडमध्ये इंजिन घ्यायला जायचे तेव्हा कधी कधी मला सोबत न्यायचे. ते काळं धूड गुरगुरत टेबलावर यायचं, थोडं पुढं, थोडं मागं, पुन्हा बोटभर पुढं. मामा बाहेर वाकून शेडमधल्या मजुरांकडं, खलाशांकडं बघायचे. तोल सापडला की सगळं एकदम गप्प व्हायचं. मग दोन खलाशी लांब दांड्याला छाती लावायचे आणि ते एवढं थोरलं इंजिन, आतल्या विस्तवासकट, पाण्यासकट, मामांसकट, आवाज न करता फिरायला लागायचं. मामांचा चेहरा हळूहळू माझ्यापासून वळायचा, मग कान, मग पाठ. एका खेपेला त्यांनी मलाही दांडा धरू दिला. पुढची कितीतरी वर्षं मी गावात सांगत होतो की मी इंजिन फिरवलं आहे. ज्या गावानं आगगाडी पाहिली नाही, तिथं असं सांगायला काही लागत नाही.

मग लाइन रुंद झाली, वाफ गेली, मामा निवृत्त झाले आणि पुढं मामाही गेले. मी तोवर निमाचा "अहो" झालो होतो. खुणांनी शिव्या द्यायचं तिनं सोडलं होतं. निदान मला दिसेल असं.

दोन वर्षांपूर्वी नांदेडकडच्या एका लग्नाहून येताना मीच म्हणालो, जंक्शन बघून जाऊ. बघायला काही नव्हतं. शेड नव्हती, चाळ नव्हती. वेड्या बाभळी माजल्या होत्या. टेबलाचा खड्डा तेवढा सापडला. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि पाण्यात दोन म्हशी बसल्या होत्या. गोल काठाला टेकून, सुखानं. मला ते दृश्य फोटोजोगं वाटलं. मी खड्ड्याभोवती फिरत फोटो काढत होतो आणि निमा लांब एका फरशीच्या तुकड्यावर उभी होती. तो तुकडा म्हणजे त्यांच्या मोरीचा असावा. मी हाक मारली तर म्हणाली, "चला. उशीर होतोय."

त्या दिवसापासून तिनं माहेरच्या गावाचं नाव घेतलं नाही. आधी बोलता बोलता यायचंच, आमच्या क्वार्टरात असं, आमचे आप्पा तसं. ते बंद झालं. एखाद्या घरातलं घड्याळ बंद पडावं आणि कुणी बोलू नये, तसं. मला ते घड्याळ चालू करायचं होतं. बाकी छंद वगैरे मी लोकांना सांगायचो. मला एवढंच हवं होतं की ती जिना चढून वर यावी, टेबल फिरताना बघावं आणि म्हणावं, हो, असंच होतं. आज सगळं तयार होतं. आज मी तिला जेवतानाच सांगितलं होतं की चारला पहिलं इंजिन फिरणार. ती म्हणाली होती, "बरं."

आणि चारला मी इंजिन परातीत घातलं.

"काढ की बे ते," भास्कर म्हणाला. "पुन्हा लाव. वैनी आल्या न्हाईत अजून."

"थांब. टेबल अडकलंय." मी मोटरचं बटण दाबलं. खालून मोटर कण्हली. टेबल इंजिनाच्या चाकात अडकलं होतं, तसूभर हललं नाही. पुन्हा दाबलं. परात करकरली.

त्या आवाजावर मात्र ती वर आली. इतक्या दिवसांत माझ्या सांगण्यानं जी आली नाही, ती परातीच्या आवाजानं आली. हाताला कणीक, पदर खोचलेला, बोलायचं वाक्य पायऱ्यांवरच सुरू झालेलं. "माझ्या परातीला पोचा आणला असंल ना, तर सांगते, तुमी अन् तुमची ती..."

तिथं थांबली.

मी इंजिन झाकायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. ती टेबलाजवळ आली नाही. लांबूनच बघत होती. खड्डा, त्यात नाकावर पडलेलं काळं इंजिन, वर आलेली चाकं, आणि मागं शेडच्या खणांत गप्प उभी असलेली तीन इंजिनं. साबणाचं जरा कललेलं.

"आत कोण आहे?" तिनं विचारलं.

"कशात?"

"शेडमध्ये. आत किती आहेत?"

"तीन. पण ते साबणाचं..."

"म्हणजे ती आता बाहेर येऊ शकत न्हाईत."

"तेच मी ह्याला म्हणलो होतो, वैनी," भास्कर म्हणाला. "वाट एकच ठेवलीय. शाना आहे लई."

निमानं त्याच्याकडं बघितलं नाही. पलंग बाहेर काढल्यामुळं बसायला काही नव्हतं, तर ती दारात खालीच बसली. कणकेचे हात वर धरून.

"असंच पडलतं," ती म्हणाली. "असंच, नाकावर. मी तिसरीत असंल. थंडीचे दिवस होते."

"मला कसं माहीत नाही?"

"तू मे महिन्याचा पाव्हणा. तुला काय माहीत असणार?"

मग ती सांगत गेली. सकाळी सकाळी शेडकडून मोठा आवाज झाला आणि सगळी चाळ पळत सुटली. टेबल आडवं असताना कुणीतरी इंजिन पुढं घेतलं होतं. कुणाला लागलं नव्हतं, पण ते धूड खड्ड्यात, आणि शेडमधली सगळी इंजिनं आत कोंडलेली. दुसऱ्या गावाहून क्रेन यायची होती. साहेब लोक ओरडत होते. बायका चहाच्या किटल्या घेऊन काठावर उभ्या, पोरं आभाळ हातात आल्यासारखी. आप्पांचं इंजिन आत होतं. आप्पांची रात्र झोपून झाली होती आणि दिवसाची ड्यूटी निघत नव्हती.

"सायकलवाला आला," ती म्हणाली, "पण घंटा न वाजवता. दारात येऊन म्हणला, बसा आज घरी. आप्पांना बसायचंच कळंना. अंगणातून घरात, घरातून अंगणात. शेवटी मला पुढं घेऊन बसले अन् वेणी घालायला लागले. अशी आवळली, जणू इंजिनाला डबा जोडायचाय. आई बघून हसली, तर आप्पापण हसले. मोठ्यानं. दिवसाढवळ्या." तिनं बोटावरची कणीक खरवडली. "मला तवर माहीतच नव्हतं की आप्पा मोठ्यानं हसतात. आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलायचंच न्हाई ना."

भास्कर खाली बघत होता.

"दुपारी आप्पांनी शेंगा भाजल्या. अंगणात, शेडमधला कोळसा आणून. सगळ्या चाळीतले बाप घरी होते त्या दिवशी. जिकडं तिकडं बाप. पोरांना काय करावं कळंना." ती हसली आणि कणकेच्या मनगटानं तिनं डोळा पुसला. "दुसऱ्या दिवशी क्रेन आली. इंजिन वर आलं तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी घरात पळाले अन् गोधडीत शिरले. आईला वाटलं, भ्याली."

खाली रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. वरच्या खोलीतली सगळी रुळांची नक्षी बारीक थरथरली. साबणाचं इंजिन आणखी थोडं कललं.

मला बरंच काही वाटत होतं, आणि त्यात स्वतःबद्दलची तुच्छता ठळक होती. महिनोन् महिने मी परातीत टेबल असं तोलत होतो की ते अडणार नाही, अडखळणार नाही. इंजिनाची पाठ वळताना दिसेल, हुबेहूब दिसेल. वळणारी पाठ! ती तर तिनं रोज बघितली होती. ती वर येत नव्हती यात नवल काय.

भास्कर पुढं झाला, परातीवर वाकला, मदत म्हणून. "काढतो बघा वैनी. नुसतं चाक अडकलंय. वर उचललं की झालं. मग दाखवा म्हणावं ह्याला फिरवून."

मीही सवयीनं हात पुढं केला.

निमा दारातून उठली. आमच्या दोघांच्या हातांकडं तिनं असं बघितलं, जसं ती त्या चाळीत बीडच्या पाव्हण्याकडं बघायची.

"राहू दे रे तसंच," ती मला म्हणाली. "कणीक मी ताटात मळते."